कोर्ट मंगळुरूचं, जप्तीची नोटीस सावंतवाडीत

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात (सावंतवाडी तालुका, नाव-गाव गाळून):

सासऱ्यांचा छोटा काजू कारखाना आहे, लायसन्स त्यांच्या एकट्याच्या नावावर, हिशोब मी बघते. २०१९ च्या सीझनला मंगळुरूच्या एका व्यापाऱ्याकडून आफ्रिकन काजू बी घेतली. आउटटर्न (एका पोत्यातून किती पौंड गर निघतो तो आकडा) ४८ चा सांगितलेला, फोडल्यावर ४२ च्या वर जाईना, डागी गर पण खूप. सासऱ्यांनी बाकीचं बिल दिलं आणि २ लाख १० हजार अडवून ठेवले. २०२० मध्ये व्यापाऱ्याचा फोन आला की मी कोर्टात गेलोय, पण आमच्यापैकी कोणी तिकडे गेलं नाही. २०२१ मध्ये सासऱ्यांनी त्याला ५० हजार एनईएफटी केले आणि विषय मिटला असं धरलं. आता सावंतवाडी कोर्टाची नोटीस आलीय. मंगळुरू कोर्टाने २०२३ मध्ये एकतर्फी निकाल दिला, १८ टक्के व्याज आणि खर्च धरून रक्कम साडेचार लाखांच्या वर गेलीय. सासरे म्हणतात, "ता कोर्ट थय कर्नाटकात, हय आमचा काय वाकडा करतला?" मिस्टर म्हणतात कारखाना आणि बागेतला हिस्सा बक्षीसपत्राने तुझ्या नावावर करून टाकू. ओळखीचे एकजण म्हणतात सावंतवाडीच्या जजसाहेबांना खराब मालाची सगळी हकीकत सांगा, ते डिक्री (म्हणजे कोर्टाचा तो निकाल) रद्द करतील. सासूबाई घाबरल्यात की पोलीस येऊन सासऱ्यांना नेतील. मी बक्षीसपत्रावर सही करू का? आणि हा निकाल इथे लागू होऊ नये म्हणून नक्की कुठे जायचं?

उत्तर:

ताई, आधी बक्षीसपत्राचं बोलूया, कारण बाकी सगळ्याला थोडे दिवस तरी आहेत पण ही सही उद्याच कोणीतरी तुमच्याकडून घेईल. करू नका. घरातल्यांचा हेतू तुम्हाला फसवायचा नसेल, कारखाना वाचवायचा असेल हे मला पत्रावरूनच कळतंय, पण डिक्री झाल्यावर मालमत्ता सुनेच्या नावावर गेली की कोर्टाला ती एकाच नजरेने दिसते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ याचसाठी आहे, घेणेकऱ्याला चुकवायला केलेलं हस्तांतर तो कोर्टाकडून रद्द करून घेऊ शकतो, आणि त्या केसमध्ये प्रतिवादी म्हणून तुमचं नाव येईल. आज तुमचं नाव कुठेच नाहीये. आणि घरच्यांना माहीत नसेल अशी दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. सासूबाईंना ज्या अटकेची भीती वाटतेय ती अटक साध्या पैशाच्या डिक्रीत सहजासहजी होत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये त्यासाठी ठराविक कारणं लागतात, आणि त्यातलं एक कारण असं की दावा दाखल झाल्यानंतर माणसाने लबाडीने मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली किंवा लपवली. म्हणजे सासऱ्यांना वाचवायला केलेलं बक्षीसपत्र हाच त्यांना आत टाकण्याचा आधार होऊ शकतो. हे वाक्य घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा, मिस्टरांना आधी.

सासूबाईंना हेही सांगा की या कामाला पोलीस येत नाहीत, कोर्टाचा बेलीफ येतो. जप्तीसाठी तो सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी राहत्या घरात शिरू शकत नाही, कलम ६२ मध्ये तसं स्पष्ट आहे. पैशाच्या डिक्रीसाठी बाईला अटक करता येत नाही. पुरुषाच्या बाबतीतसुद्धा कोर्टाला आधी नोटीस काढून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि पैसे देण्याची खरंच ऐपत नाही एवढ्यावरून माणूस तुरुंगात जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस केसमध्ये सांगितलंय. ऐपत असून मुद्दाम देत नाही असं दिसलं तर मात्र जाऊ शकतो.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते अगदीच हवेतलं नाहीये, सावंतवाडी संस्थान होतं तेव्हा ब्रिटिश हद्दीतल्या कोर्टाचा निकाल इथे आपोआप चालत नव्हता, आणि जुन्या लोकांच्या मनात हद्द ओलांडली की हुकूम थांबतो हे अजून पक्कं बसलेलं आहे. पण १९५० पासून आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद २६१ आहे, त्याच्या तिसऱ्या भागाप्रमाणे भारतातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टाचा अंतिम निकाल भारतात कुठेही कायद्याप्रमाणे अमलात आणता येतो. मंगळुरूचं कोर्ट आपल्यासाठी परकं कोर्ट नाही. त्या कोर्टाला फक्त एवढीच मर्यादा आहे की स्वतःच्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर ते थेट जप्ती काढू शकत नाही, त्याला डिक्री आपल्या कोर्टाकडे पाठवावी लागते, आणि तुमच्याकडे आलेली नोटीस म्हणजे तेच झालंय. डिक्री इथे आली की कलम ४२ प्रमाणे सावंतवाडीच्या कोर्टाला ती स्वतःचीच डिक्री असल्यासारखे अधिकार मिळतात. आणि व्यापाऱ्याला घाईसुद्धा नाही, डिक्री वसूल करायला त्याच्याकडे १२ वर्षं असतात.

खऱ्या अर्थाने परदेशी कोर्टाचं वेगळं असतं, आणि ते इथे सांगून ठेवते कारण खेड, चिपळूण, दापोलीकडून बरेच वाचक आखातात राहून आलेले आहेत. दुबईचं लोन तिकडेच राहिलं असं मानून निर्धास्त असलेल्यांनी लक्षात घ्या, १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने यूएईच्या ठराविक कोर्टांच्या डिक्री आपल्या जिल्हा कोर्टात थेट दाखल करता येतात. पण तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ ची ढाल मिळते, म्हणजे निकाल गुणावगुणावर झालेला नाही, नैसर्गिक न्याय पाळला नाही, फसवणुकीने मिळवला, हे मुद्दे इथल्याच कोर्टात मांडता येतात. मंगळुरूच्या डिक्रीला ती ढाल नाही. त्या अर्थाने दुबईच्या डिक्रीपुढे उभं राहायला इथे जास्त जागा आहे आणि शेजारच्या राज्यातल्या डिक्रीपुढे कमी, हे ऐकून माझ्याकडे येणारे लोक चकित होतात, पण ते तसंच आहे.

आणि हाच मुद्दा तुमच्या ओळखीच्या गृहस्थांच्या सल्ल्याला लागू होतो. सावंतवाडीच्या जजसाहेबांसमोर आउटटर्नचा कागद ठेवला, डागी गराचे फोटो दाखवले, तरी ते म्हणतील हे मला बघता येणार नाही, आणि ते बरोबर म्हणतील. ज्या कोर्टापुढे नुसती वसुलीची दरखास्त (डिक्री वसूल करून द्या असा अर्ज) आहे त्याला डिक्रीच्या मागे जाता येत नाही, १९७० च्या वासुदेव धनजीभाई मोदी केसपासून हे पक्कं आहे. अपवाद एकच, डिक्री मुळातच शून्य असेल तर. उदाहरण द्यायचं तर माणूस वारल्यानंतर त्याच्यावर दावा लावून घेतलेली डिक्री, किंवा ज्या विषयात दिवाणी कोर्टाला हातच घालता येत नाही त्यात दिलेली, जसं आपल्याकडे अमुक माणूस कूळ आहे की नाही हे १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे तहसीलदाराने ठरवायचं असतं. तुमची केस यात बसत नाही. मंगळुरूच्या कोर्टाची हद्द चुकली असं म्हणायचं असेल तरी ते पहिल्याच संधीला त्याच कोर्टात म्हणायचं असतं, वसुलीच्या वेळी नाही, आणि खरं सांगायचं तर हद्द चुकलेली दिसतही नाही, माल तिथे भरला, पैसे तिथे द्यायचे होते. बिलाच्या तळाला "मंगळुरू ज्युरिस्डिक्शन" छापलेलं असेल तर ते आणखी भक्कम. (नुसत्या त्या छापील ओळीने अधिकार तयार होत नाही, दोन-तीन ठिकाणची कोर्टं चालण्यासारखी असतील तर त्यातलं एक निवडता येतं एवढंच, हे बाकी छोट्या व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवा, कारण बिलावर कुठलंही लांबचं गाव छापणारे पण असतात.)

मग जायचं कुठे. डिक्री रद्द करायला मंगळुरूला, आणि तोपर्यंत जप्ती थोपवायला सावंतवाडीत. दोन्हीकडे, एकाच आठवड्यात. लोकांचं चुकतं ते इथेच, सगळा जोर इथल्या तारखांवर लावतात आणि तिकडची मुदत निघून जाते.

मंगळुरूचा अर्ज म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ९ रूल १३, एकतर्फी डिक्री रद्द करून दावा परत चालवण्याचा. कारणं दोनच चालतात, समन्स नीट बजावलं नव्हतं, किंवा हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं. मुदत ३० दिवस. समन्स नीट बजावलेलं असेल तर ते डिक्रीच्या तारखेपासून, म्हणजे २०२३ मध्येच संपले आणि मग मुदत कायद्याच्या कलम ५ चा उशीर माफीचा अर्ज जोडावा लागेल. समन्स बजावलंच नसेल तर डिक्री झाल्याचं कळलं त्या दिवसापासून. तुमच्या बाबतीत तो दिवस बहुतेक सावंतवाडीची नोटीस हातात पडली तोच, म्हणून त्या नोटिशीचं पाकीट जपून ठेवा, शिक्क्याची तारीख दिसते असा फोटो काढा, आणि उशीर माफीचा अर्ज तरीही सोबत लावायला वकिलांना सांगा.

आता सगळ्यात नाजूक भाग. तुम्ही लिहिलंय "आम्ही कधी गेलो नाही", पण समन्स आलं होतं की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्हाला ते नक्की माहीतही नाही. २०२०-२१ मध्ये पोस्टमन रजिस्टरचं पाकीट घेऊन आला होता का? सासऱ्यांनी कर्नाटकातलं पाकीट बघून परत पाठवलं का? कोर्टाच्या फाइलमध्ये ते परत गेलेलं पाकीट आजही लावलेलं असेल आणि त्यावर पोस्टमनने पेनाने एक शेरा मारलेला असेल, "रिफ्यूज्ड" किंवा "लेफ्ट" किंवा "डोअर लॉक्ड". त्या एका शेऱ्यावर तुमची अर्धी केस आहे. "रिफ्यूज्ड" असेल तर कायदा समजतो की समन्स मिळालं. "लेफ्ट" असेल आणि सासरे तर जन्मापासून त्याच घरात राहतात, तर तो तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे, घरपट्टी, वीजबिल, लायसन्स सगळं त्याच पत्त्यावरचं लावता येईल. बिलावर जुन्या शेडचा पत्ता होता का तेही बघा, समन्स तिकडे गेलं असेल.

कधी कधी पाकिटं परत आल्यावर वादी पेपरात जाहीर समन्स देतो. ते कुठल्या पेपरात दिलं ते बघा. नियम असा आहे की प्रतिवादी शेवटचा जिथे राहत होता किंवा धंदा करत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात ते यायला पाहिजे. मंगळुरूच्या कन्नड पेपरात छापलेलं समन्स आपल्या तालुक्यात कोण वाचणार? आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ खाली स्पष्टीकरणच आहे की अशी पर्यायी बजावणी ३० दिवस मोजण्यासाठी नीट बजावणी धरायची नाही. हा मुद्दा वकीलसुद्धा घाईत विसरतात, तुम्ही आठवण करून द्या.

पण तो फोन. व्यापाऱ्याने २०२० मध्ये फोन करून सांगितलं होतं, हे तुम्ही प्रामाणिकपणे मला लिहिलंत, तेवढ्याच प्रामाणिकपणे वकिलांना सांगा. कायदा म्हणतो की प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि यायला पुरेसा वेळ होता असं दिसलं तर बजावणीतल्या बारीक चुकीवरून डिक्री रद्द होणार नाही. इथे शब्द तारखेचा आहे, "मी कोर्टात गेलोय" एवढं कळणं आणि अमुक तारखेला अमुक कोर्टात या हे कळणं यात फरक आहे आणि तुमचे वकील तो मांडू शकतात. मात्र प्रतिज्ञापत्रात "मला दाव्याची काहीच कल्पना नव्हती" असं लिहू नका. व्यापाऱ्याकडे व्हॉट्सॲपचा मेसेज असेल, तो तो लावेल, आणि मग तुमचं खरं म्हणणंही कोणी खरं धरणार नाही.

आणि ते ५० हजार. तुम्हाला वाटत असेल एनईएफटीची नोंद आहे, निदान तेवढे तरी सावंतवाडीचं कोर्ट वजा करेल. डिक्रीनंतर दिलेले असते तर तो मार्ग होता, ऑर्डर २१ रूल २ खाली ३० दिवसांत अर्ज करून कोर्टात नोंद करून घ्यायची असते. पण तुम्ही दिले २०२१ मध्ये, डिक्री झाली २०२३ मध्ये. डिक्रीच्या आधीचा हिशोब डिक्रीत यायला हवा होता, तो आता काढला तर ते डिक्रीच्या मागे जाणं होतं. म्हणून आधी डिक्रीची नक्कल बघा, व्यापाऱ्याने ५० हजार मिळाल्याचं तिथे सांगितलं होतं का. सांगितलं नसेल तर मंगळुरूच्या अर्जात हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, खराब मालापेक्षाही जोरदार, कारण मालाचा दर्जा सहा वर्षांनी सिद्ध करणं कठीण, बँकेचं स्टेटमेंट एका पानाचं काम आहे. त्यावरून कोर्टाला दिसेल की सासरे पळत नव्हते, आणि वादीने सगळं सांगितलेलं नव्हतं.

नक्कल मिळायच्या आधी घरबसल्या एक करा. नोटिशीवर मूळ दाव्याचा नंबर असेल, ई-कोर्ट्सच्या ॲपवर कर्नाटक राज्य, जिल्हा दक्षिण कन्नड निवडून त्या नंबरने किंवा सासऱ्यांच्या नावाने शोधा. तारीख-तारखेला काय झालं, समन्स कधी निघालं, एकतर्फी कधी ठरवलं, हे बरंचसं तिथे दिसतं. मग तिकडचा वकील पकडून संपूर्ण रेकॉर्डच्या सर्टिफाइड कॉपीज काढा, नुसती डिक्री नाही, समन्सचे रिपोर्ट आणि परत आलेली पाकिटं पण. हे फोनवर सोडू नका, मिस्टरांना कोकण रेल्वेने एकदा जाऊन येऊ दे, फाइल बघून वकिलाशी समोरासमोर बोलू दे.

अपील पण करता येतं, एकतर्फी डिक्रीवर सुद्धा. पण तुमच्यासाठी मला ते बरं वाटत नाही. अपिलात रेकॉर्डवर जे आहे त्यावरच मुख्यतः बोलता येतं आणि रेकॉर्डवर तुमचं काहीच नाही. शिवाय अपील फेटाळलं गेलं की रूल १३ चा अर्ज चालत नाही. म्हणून आधी अर्ज. (ज्या वाचकांचा व्यापारी दावा ३ लाख किंवा वरचा आहे त्यांची केस कमर्शियल कोर्टात असू शकते, तिथे अपिलाची मुदत ६० दिवस आणि कोर्टही वेगळं, निकालाच्या पहिल्या पानावर बघा.)

इकडे सावंतवाडीत तारखेला हजर राहायचं, वकालतनामा द्यायचा, आणि ऑर्डर २१ रूल २६ चा अर्ज द्यायचा. ज्या कोर्टाकडे डिक्री फक्त वसुलीला आलीय ते कोर्ट पुरेसं कारण दिसलं तर काही काळ दरखास्त थांबवतं, एवढ्यासाठी की तुम्ही मूळ कोर्टात जाऊन स्टे आणावा. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हा वेळ देताना कोर्टाने तारण मागणं किंवा अट घालणं बंधनकारक आहे, त्यामुळे काहीतरी रक्कम भरायची तयारी ठेवून जा. नुसतं "साहेब वेळ द्या" चालत नाही, मंगळुरूच्या वकिलाचं पत्र, नकलेसाठी अर्ज केल्याची पावती, शक्य असेल तर रूल १३ च्या अर्जाचा फाइलिंग नंबर दाखवा. मंगळुरूत अर्ज दाखल झाला म्हणून इकडची दरखास्त आपोआप थांबत नाही, तिथे स्टेचा वेगळा अर्ज करून ऑर्डर घ्यावी लागते आणि ती इथे आणून दाखवावी लागते. आणि कोर्टात वर्षं जातात या भरवशावर राहू नका, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये राहुल शहा केसमध्ये सांगितलंय की दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, तेव्हापासून खालची कोर्टं या कामात पूर्वीपेक्षा घाई करतात.

इथल्या कोर्टात बघण्यासारखं अजून आहे. डिक्रीसोबत मूळ कोर्टाचं सर्टिफिकेट आलंय का की रक्कम वसूल झालेली नाही? व्याजाचा हिशोब डिक्रीतल्या दराने आणि तारखेपासूनच धरलाय का, की व्यापाऱ्याने मनाने वाढवलाय? हे प्रश्न वसुलीचे आहेत, कलम ४७ खाली सावंतवाडीचं कोर्टच ते बघतं. राहतं घर शेतकऱ्याचं असेल आणि तो त्यात राहत असेल तर कलम ६० प्रमाणे जप्त होत नाही, स्वयंपाकाची भांडी, शेतीची अवजारं, बी-बियाणं, गुरं, बाईच्या अंगावरचं मंगळसूत्र हेही नाही. कारखान्यातला बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर मात्र यात सुटतील असं धरू नका. त्यावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेला लगेच कळवा, त्यांचा बोजा आधीचा आहे आणि ते स्वतः हरकत घेतील. आणि बाग, तुम्ही "हिस्सा" लिहिलंत म्हणजे सातबारा सामाईक आहे. सासऱ्यांच्या हिश्श्यापलीकडे जप्ती जाऊ शकत नाही, चुलत सासरे आणि बाकी हिस्सेदार ऑर्डर २१ रूल ५८ खाली स्वतः हरकत घेऊ शकतात, पण त्यासाठी त्यांना आत्ताच सांगावं लागेल, आणि हे सांगणं घरात कोणालाच आवडणार नाही हे मला माहीत आहे. तलाठ्याच्या चावडीवरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. समजा वेळ हातातून गेली आणि लिलाव झालाच, तरी ६० दिवसांत पूर्ण रक्कम आणि खरेदीच्या किमतीच्या ५ टक्के जास्त भरून लिलाव रद्द करून घेता येतो.

सावंतवाडीच्या कोर्टाने काही चुकीचा हुकूम दिला तर त्यावर हायकोर्टात जाता येतं, आणि आता आपल्या जिल्ह्याला मुंबईची वारी राहिलेली नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही त्यात आहेत. पण कोल्हापुरात मंगळुरूची डिक्री रद्द होत नाही, ती त्यांच्या अखत्यारीतली नाही, कोणी तसं सांगून फी मागितली तर सावध राहा. तसंच ट्रक, जेसीबी, बोटीच्या इंजिनावर फायनान्स घेतलेल्या वाचकांना चेन्नईकडच्या लवादाचा निवाडा येतो, त्यांचा रस्ता पूर्ण वेगळा. तो निवाडा मालमत्ता असेल तिथल्या कोर्टात थेट दाखल होतो आणि त्याला आव्हान द्यायची मुदत ३ महिने अधिक जास्तीत जास्त ३० दिवस, त्यापुढे एक दिवससुद्धा माफ होत नाही.

आता तडजोडीचं. सासऱ्यांना हा शब्द आवडणार नाही, माल खराब होता तर पैसे का द्यायचे, आणि त्यांचा राग खरा आहे, आउटटर्नमध्ये सहा पौंडांचा फरक म्हणजे प्रत्येक पोत्यामागे नुकसान, ते मी काजूवाल्यांमध्ये राहून ओळखते. पण तुम्ही हिशोब बघता म्हणून तुम्हाला विचारते, भांडण नक्की किती रकमेचं आहे? २ लाख १० हजारातून ५० हजार गेले, उरले १ लाख ६० हजार. बाकी सगळं व्याज आणि खर्च. दोन राज्यांतले दोन वकील, जाणं-येणं, सीझनमध्ये बंद पडलेले दिवस, हे एका कागदावर मांडा. मला वाटतं अर्ज जोरात लढवायचा आणि त्याच वेळी व्यापाऱ्याकडे निरोप पाठवायचा की मूळ रकमेतली बाकी आणि थोडं वाजवी व्याज घे, हप्ते पाड. त्यालाही माहीत असतं की डिक्री रद्द झाली तर त्याला साक्षीपासून सगळं परत करावं लागेल. अर्ज दाखल करायच्या आधी बोललात तर तो ऐकणार नाही, फार उशिरा बोललात तर जप्तीचं वॉरंट हातात असेल. जमलं तर पैसे रोख देऊन कच्ची पावती घेऊ नका, बँकेतून द्या आणि कोर्टात दोघांच्या सहीने पुरसिस (लेखी निवेदन) देऊन डिक्री फिटल्याची नोंद करून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी तीच दरखास्त परत येते. लोकअदालतीत ठेवलं तर आणखी बरं. फीचा प्रश्न असेल तर तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा, तिथे महिलांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, पण ही केस सासऱ्यांच्या नावावर आहे त्यामुळे त्यांना उत्पन्नाची अट लागू होईल.

शेवटचं, हे सगळं तुम्ही करताय, पण वकालतनाम्यावर आणि प्रतिज्ञापत्रावर सही सासऱ्यांचीच लागणार, आणि मंगळुरूचं कोर्ट त्यांना उलटतपासणीला बोलवू शकतं. त्यामुळे बक्षीसपत्राला नाही म्हणालात त्याच बैठकीत पोस्टमनच्या पाकिटाचं त्यांना नीट विचारा, ओरडले तरी विचारा, आणि जे उत्तर देतील ते लिहून घेऊन वकिलांकडे जा.